उत्तर झाकून ठेवा

नाशकात बीएस्सी, बीकॉम, बीबीए, अर्थशास्त्र घेऊन बीए असं काहीही शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांची फी भरणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. गणित सोडवायला बसाल तेव्हा उत्तर झाकून ठेवा. गाइडमधलं, मैत्रिणीच्या वहीतलं, मोबाइलमधलं, सगळंच. निदान अर्धा तास तरी. सांगायचं एवढंच आहे, पण नुसतं एवढं सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

परीक्षा जवळ आली की कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे निघतात. आता तर तेवढीही पायपीट नको. प्रश्नाचा फोटो काढला की फोन पायरी-पायरीनं उत्तर मांडून देतो. मूल ते वाचतं, प्रत्येक पायरी त्याला पटते, मान डोलते आणि ‘आलं’ म्हणून ते पुढच्या गणिताकडे वळतं. फसगत होते ती इथेच. दुसऱ्यानं केलेली पायरी पटणं वेगळं आणि कोऱ्या पानावर पहिली पायरी आपल्याला सुचणं वेगळं. परीक्षेत कोरं पान मिळतं. नोकरीत तर प्रश्नसुद्धा धड लिहून मिळत नाही.

एक गणित बरोबरीनं करू. दुचाकी घ्यायला एक लाखाचं कर्ज हवं आहे. शोरूममधला माणूस सांगतो, “दहा टक्के फ्लॅट, दोन वर्षं, हप्ता फक्त पाच हजार.” त्याचा हिशेब बरोबर आहे. वर्षाचं व्याज दहा हजार, दोन वर्षांचं वीस, मुद्दल धरून एक लाख वीस हजार, भागिले चोवीस. आता वित्त शिकणाऱ्या मुलाला विचारा, या कर्जाचा खरा दर किती? काही जण दहाच म्हणतील. काही जण लगेच सूत्र आठवायला लागतील आणि ते आठवलं नाही की पेन खाली ठेवतील.

सूत्र जरा बाजूला राहू द्या. आधी कागदावर लिहा, पहिल्या महिन्यात सावकाराचे किती पैसे आपल्याकडे आहेत? एक लाख. शेवटच्या महिन्यात? पाच हजारांच्या आत. म्हणजे दोन वर्षांत सरासरी पन्नास-बावन्न हजारच आपल्या हातात होते आणि त्यावर आपण वर्षाला दहा हजार व्याज दिलं. दहा भागिले बावन्न, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या आसपास. सूत्राला हात न लावता आपल्याला कळलं की ‘दहा टक्के’ हे जवळजवळ दुप्पट निघणार.

आता सूत्र काढा. महिन्याला 1.5 टक्के दर धरून पाच हजारांच्या चोवीस हप्त्यांची आजची किंमत काढली तर ती 1,00,152 रुपये येते. लाखाच्या थोडी वर, म्हणजे दर याहून किंचित जास्त असणार. 1.52 टक्के धरून पाहा, 99,920 येतात. लाखाच्या खाली गेलो. दर या दोन्हींच्या मध्ये, साधारण 1.513 टक्के महिना, म्हणजे वर्षाला 18.2 टक्क्यांच्या जवळपास. मग आपला एकोणीसचा अंदाज चुकला का? चुकला नाही, पण फरक का पडला हे शोधायला हवं आणि खरा अभ्यास तिथे सुरू होतो. आपण धरलं की कर्ज सरळ रेषेत उतरतं. तसं ते उतरत नाही. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, मुद्दल हळू फिटतं, त्यामुळे सरासरी शिल्लक बावन्नऐवजी पंचावन्न हजारांच्या आसपास राहते. दहा भागिले पंचावन्न करून पाहा. ताळा जुळतो.

ज्यानं हे एकदा स्वतःच्या हातानं केलं, त्याला समान हप्त्यांचं हे वार्षिकीचं सूत्र पाठ करावं लागत नाही. ज्यानं नुसतं वाचलं, तो पुढच्या महिन्यात वडिलांबरोबर शोरूममध्ये जाऊन फ्लॅटवरच सही करून येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला एक तथ्यपत्रक द्यावं लागतं आणि त्यात वर्षाचा एकूण खरा दर, ज्याला एपीआर म्हणतात, छापावा लागतो. तो आकडा मागून घ्या. आणि मागायच्या आधी स्वतः काढून न्या.

संख्याशास्त्राकडे येऊ. ‘सरासरी’ शाळेपासून शिकवतात, म्हणून पदवीच्या पोरांना ती सोपी वाटते. लासलगावच्या बाजार समितीत रोजच्या भावाचं पत्रक निघतं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे. ही बाजार समिती 1947 सालची, तेव्हा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या तीन पिढ्या हे पत्रक वाचत आल्या आहेत. आता समजायला सोपे आकडे घेऊ. एका घरचा शंभर क्विंटल कांदा विकला गेला. वीस क्विंटल निवडक माल 2,400 नं, तीस क्विंटल मध्यम 1,800 नं आणि अवकाळीनं मार खाल्लेला पन्नास क्विंटल हलका माल 900 नं. सरासरी भाव काय मिळाला?

कुणी किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मे करतो, 1,650. कुणी तिन्ही भावांची बेरीज करून तीननं भागतो, 1,700. दोन्ही आकडे कागदावर व्यवस्थित दिसतात. पण घरात पैसे किती आले ते मोजा. अठ्ठेचाळीस हजार, चौपन्न हजार आणि पंचेचाळीस हजार, मिळून 1,47,000. शंभर क्विंटलला भागा, 1,470. सतराशे आणि चौदाशे सत्तर यांत क्विंटलमागे 230 रुपयांचा फरक आहे, शंभर क्विंटलवर तेवीस हजारांचा. हलका माल निम्मा होता, त्यामुळे त्याच्या भावाला निम्मं वजन द्यायला हवं होतं आणि आपण तिसराच हिस्सा दिला. भारित सरासरी म्हणजे एवढंच. पुस्तकात सिग्मा आणि डब्ल्यू घातलेलं सूत्र बघून घाबरणारी पोरं शेतकऱ्याच्या घरची असतात आणि त्यांच्या आजीला हा हिशेब तोंडी येतो, हे मला कायम विचित्र वाटत आलं आहे.

वजनं कशाला किती द्यायची, यावर या देशात मोठमोठे वाद झाले आहेत. त्यातल्या एका नामवंत सूत्रामागचे अर्थतज्ज्ञ नाशकात जन्मले. धनंजय रामचंद्र गाडगीळ, जन्म 1901. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. केंद्राची योजना-मदत राज्यांमध्ये कशी वाटायची यासाठी 1969 साली जे सूत्र आलं ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. लोकसंख्येला 60 टक्के वजन, आणि दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याची धडपड, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी 10. परीक्षेत हे पाच आकडे पाठ करून लिहिणारे पुष्कळ सापडतील. लोकसंख्येचं वजन साठावरून चाळीसवर आणलं असतं तर कोणत्या राज्याचा वाटा वाढला असता, हे कागदावर करून पाहणारा क्वचित सापडतो. चार काल्पनिक राज्यं घ्या, मनानं आकडे घाला आणि वजनं हलवून बघा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर राज्यांच्या वाट्याबद्दलच्या वित्त आयोगाच्या बातम्या वेगळ्या वाचल्या जातील.

अर्थशास्त्राच्या मुलांची अडचण निराळी. ते आकडेमोडीत कमी आणि आकृतीत जास्त फसतात. मागणी-पुरवठ्याची कात्री सगळ्यांना काढता येते, पण ती कात्री कुठल्या बाजाराची आहे हे कुणी लिहीत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ती मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के निर्यातशुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य लावून. आता प्रश्न असा, बंदीमुळे कोणती रेषा सरकली? लासलगावच्या लिलावाचं चित्र काढत असाल तर निर्यातदार खरेदीदार गायब झाला, म्हणजे मागणीची रेषा डावीकडे गेली. नाशिकच्या भाजीबाजारातल्या गिऱ्हाईकाचं चित्र काढत असाल तर परदेशी जाणारा माल इथेच राहिला, म्हणजे पुरवठ्याची रेषा उजवीकडे गेली. दोन्ही चित्रांत भाव पडतो. पण पहिल्यात कारण मागणीचं आणि दुसऱ्यात पुरवठ्याचं. ज्यानं आकृतीच्या डोक्यावर ‘बाजार: लासलगाव घाऊक’ असं लिहिलं, त्याची गाडी अडत नाही. म्हणून नियमच करा. अक्ष, एकक आणि कुठला बाजार, हे लिहिल्याशिवाय रेषा ओढायची नाही.

लवचिकतेचंही असंच. समजा शंभर क्विंटलऐवजी एकशेदहा क्विंटल माल बाजारात आला आणि भाव 2,000 वरून 1,500 वर आला. माल दहा टक्के वाढला, भाव पंचवीस टक्के पडला, म्हणून मागणीची लवचिकता 0.4. मध्यबिंदू रीतीनं केलं तर 0.33 येते. दोन उत्तरं पाहून मुलं गोंधळतात आणि ‘सरांना कोणतं चालेल’ असं विचारतात. कारण शोधा. पहिल्या रीतीत टक्केवारी जुन्या आकड्यावर काढली, दुसरीत जुन्या-नव्याच्या मधल्या आकड्यावर. एवढं कळलं की दोन्ही उत्तरं आपलीच. आणि मुख्य गोष्ट नजरेतून निसटू देऊ नका. माल जास्त विकूनही घरात दोन लाखांऐवजी एक लाख पासष्ट हजार आले. लवचिकता एकपेक्षा कमी, याचा शेतकऱ्याच्या घरातला अर्थ हा.

विज्ञानाच्या मुलांना एकच सांगणं, एककं. आपल्याकडे त्यांचं चालतंबोलतं गणित दर पावसाळ्यात असतं. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की सगळं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघतं आणि पेपरात एका ओळीत क्युसेक, दुसऱ्या ओळीत दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट, असं छापून येतं. हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर धरणातून किती गेलं? सेकंदाला हजार घनफूट, दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे 8 कोटी 64 लाख घनफूट, म्हणजे 86.4 दलघफू. धरणाची क्षमता सुमारे 5,600 दलघफू. भरलेलं धरण या वेगानं रिकामं व्हायला पासष्ट दिवस लागतील. घाईत कुणी सेकंदांऐवजी तासांनी गुणलं तर उत्तर साडेसहाशे वर्षांच्या घरात येतं. तेही दोन रेघा मारून चौकटीत लिहिणारे असतात. उत्तर लिहिण्याआधी ते खरं वाटतं का, एवढं स्वतःला विचारायला दहा सेकंद पुरतात.

आता अडकल्यावर काय करायचं. बहुतेकांची खरी भीती हीच. अर्धा तास उत्तर झाकून ठेवायचं आणि पानावर काहीच उमटत नसेल तर? तर हात चालू ठेवायचा. दिलेलं काय आहे ते आपल्या शब्दांत लिहा. काय काढायचंय ते लिहा. मोठे आकडे काढून तिथे दोन, तीन, दहा असे छोटे आकडे घाला आणि त्या बुटक्या गणिताचं उत्तर काढा. दर शून्य असेल तर काय होईल, सगळा माल एकाच भावात गेला तर काय होईल, असं टोकाला जाऊन बघा. चित्र काढा. हे सगळं करूनही गाडी हलली नाही तर उत्तराची फक्त पहिली ओळ उघडा आणि पुन्हा झाका. पुष्कळदा तेवढी एक ओळ पुरते. आणि सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर पुन्हा करा. काल जमलेलं आज अडलं तर तेही कळायला हवं, परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

आणखी एक. एकाच प्रकरणातली पंधरा गणितं सलग करू नका. पाचव्या गणितानंतर डोकं बंद होतं, हातच पुढे चालतो, कारण रीत कोणती लावायची हे प्रकरणाच्या नावानंच सांगून टाकलेलं असतं. तीन प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्या टाकून मिसळा. पेपरात प्रश्नाच्या वर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. चुकांची एक लहान वही ठेवा आणि त्यात चूक कोणत्या प्रकारची ते लिहा: चिन्ह चुकलं, एकक चुकलं, प्रश्न नीट वाचलाच नाही. महिन्यानं वही चाळलीत तर दिसेल की चुका शंभर असल्या तरी प्रकार चार-पाचच आहेत.

फोन वापरूच नका असं म्हणणारा मी नाही. तो ताळ्यासाठी वापरा. आपली सोडवणूक पूर्ण करून मग विचारा, माझी कितवी पायरी चुकली? आणि त्याचं उत्तरही तपासा, कारण तो चुकीचं उत्तरही ठासून सांगतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर काम करून संध्याकाळी मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत. गोवर्धनजवळचं हे विद्यापीठ 1989 मध्ये मुळात अशांसाठीच निघालं. त्यांना अर्धा तास बसून राहणं परवडत नाही, हे खरं. मग दहा सोडवलेली गणितं वाचण्याऐवजी दोन स्वतः करा. वेळ तेवढाच लागेल.

प्राध्यापकांनाही एक शब्द. गाइडमधलंच गणित आकडे बदलून पेपरात घातलं तर मुलं गाइडच वाचणार. त्यात मुलांचा दोष काढण्यात अर्थ नाही.

गणिताशी खेळत बसण्याची चैन मोठ्या विद्यापीठातल्या लोकांनाच परवडते, असं ज्यांना वाटतं त्यांनी देवळालीची आठवण ठेवावी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनाची नोकरी नाही. (गाडगीळही डी. आर. आणि कापरेकरही डी. आर., नाशिकला ही अक्षरं मानवली असावीत.) कापरेकरांना 6174 या संख्येचं गुपित सापडलं. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा 3524. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. 5432 वजा 2345, आले 3087. पुन्हा तेच, 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा, 8532 वजा 2358, आले 6174. आणि 6174 वर पुन्हा तेच केलं तर 6174 च येतात. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचता. आज हे संगणकाला सांगितलं तर क्षणात सगळ्या संख्या तपासून होतील. कापरेकरांच्या हाती कागद-पेन्सिल होती आणि वजाबाक्या करत राहण्याची हौस होती. भारतात फार थोड्यांनी दखल घेतली. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. ज्या संख्यांना आज ‘सेल्फ नंबर’ म्हणतात त्यांना कापरेकरांनी ‘देवळाली संख्या’ असं नाव दिलं होतं. तीन अंकी संख्यांवर हीच रीत चालवली तर कुठे पोहोचतो, हे रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून करून पाहा. का पोहोचतो, हे बीएस्सीच्या मुलानं सिद्ध करावं. मधला अंक नेहमी नऊच का येतो, इथून सुरुवात करा.

आईवडिलांना शेवटी एक काम सांगतो, आणि त्यासाठी तुम्हाला गणित यायची गरज नाही. या महिन्याचं महावितरणचं बिल मुलाच्या हातात द्या. वापरलेले युनिट आणि दरांचे टप्पे एवढंच त्याला दाखवा, खालच्या रकमा पट्टीनं झाका आणि म्हणा, “बिल किती येईल ते काढ आणि मला समजावून सांग.” तो सांगत असताना मध्ये बोलू नका. तुम्हाला समजलं नाही तर ‘हे कुठून आलं?’ एवढंच विचारा. पहिले शंभर युनिट एका दरानं, त्यापुढचे दुसऱ्या दरानं, हे बहुतेकांना जमतं. सगळे युनिट वरच्या दरानं गुणणारेही निघतील, त्यांना टप्पा पुन्हा दाखवा. तरीही छापील रक्कम जुळली नाही तर स्थिर आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन धरलं का ते बघा. आणि वीज शुल्क या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं, नुसत्या वीज आकारावर नाही. पहिल्या फेरीतली चूक बहुधा तिथेच सापडेल.